पत्र्यावरचा दात

सर बोलताना डाव्या हाताचा पंजा तोंडासमोर धरायचे. खोकला आला की आपण धरतो तसा. शिकवताना धरायचे, हजेरी घेताना धरायचे, आणि हसायची वेळ आली तर मान भिंतीकडे वळवायचे. शाळेत भांडण झालं की पोरांचा घोळका त्यांच्याकडं धावत यायचा. यानं मारलं, तिनं ढकललं. सर हाताआडून एकच वाक्य म्हणायचे, "काय झालं ते सांगा. कुणी केलं ते मंग."

तुम्हीही अशी माणसं बघितली असतील. एखादी सवय इतकी जुनी होते की ती त्या माणसाच्या नाकासारखी वाटायला लागते. नाक असं का, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही.

वाटूरच्या पलीकडं आमचं गाव. तिथल्या शाळेत मी खिचडी शिजवते. चौथीपर्यंत शिकले, आणि पुन्हा शाळेत पाऊल टाकलं ते म्हातारपणी, चुलीपाशी. सर जालन्याच्या मस्तगडात राहायचे. रोज एसटीनं वाटूरच्या फाट्यावर उतरायचे आणि तिथून मिळेल त्या गाडीवर मागं बसून यायचे. अंगानं जाड, शर्ट खोचलेला, खिशात इस्त्रीचा रुमाल. पोरांना मारत नव्हते. पोरांच्या नावाला 'रे' सुद्धा लावत नव्हते.

तरी मला ते आवडायचे नाहीत. कारण साधं होतं. ते आमच्या हातचं खायचे नाहीत.

पोरांना वाढायच्या आधी खिचडीची चव शिक्षकांनी बघायची असते. सर चमच्याच्या टोकावर चार शितं घ्यायचे, तोंड फिरवून गिळायचे आणि "बराबर आहे, मावशी" म्हणून निघून जायचे. स्वतःचा डबा खाताना खोलीचं दार लोटून घ्यायचे. पोरं शेतातून बोरं आणायची, पेरू आणायची. सर ते घ्यायचे, देणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि सुट्टी झाली की सगळं माझ्या पिशवीत टाकायचे. एकदा गावातल्या एकानं सगळ्या शाळेला हुरड्याला बोलावलं. आगटीतून काढलेली गरम कणसं, वर तिळाची चटणी. सगळे तळहातावर चोळून खात होते आणि सर बांधावर बसले होते.

"घ्या की, सर," मी म्हटलं.

"मला उपास आहे."

"बुधवारचा कसला उपास?"

"आहे एक," ते हाताआडून म्हणाले.

मी माझ्याबरोबर खिचडी शिजवणाऱ्या बाईला म्हटलं, "शहरातलं माणूस. आपली घाण वाटती त्याला." ती हो म्हणाली. तेव्हापासून मी त्यांना आग्रह करणं सोडलं.

ज्या दिवसाचं सांगते आहे तो थंडीतला होता. तालुक्याहून एक साहेब शाळा बघायला आले होते. त्यांची चारचाकी फाटकापाशी उभी होती, आणि त्यांच्या चहासाठी मुद्दाम दूध आणून माझ्याकडं दिलं होतं. नाहीतर आमच्या शाळेत दुधाचं काय काम?

सहावीत कोमल नावाची पोरगी होती. आईबाप ऊसतोडीला गेलेले, पोरगी चुलतीच्या घरी ठेवलेली. ती आणि तिची मैत्रीण आरती हापशावर गेल्या. हापशाचा दांडा तुम्हाला माहीत असेल. दोघींनी जोर लावला तर खाली येतो, आणि हात सुटला तर बैलानं शिंग मारावं तसा वर उसळतो. आरतीचा हात सुटला. कोमल त्याच वेळी खाली वाकलेली. दांडा सरळ तिच्या तोंडावर आला.

आवाज मी चुलीपाशी ऐकला. वाळलेलं लाकूड फुटल्यासारखा. बाहेर आले तर पोरगी जागेवर उभी होती. रडत नव्हती. सदऱ्याचा पुढचा भाग लाल झालेला, आणि वरच्या ओळीत बरोबर मधोमध भोक. मी बाळंतपणं केली आहेत, विंचू चावलेली माणसं रात्रभर सांभाळली आहेत. पण ते भोक बघून माझ्या हातातली पळी खाली पडली.

पोरं ओरडायला लागली. आरतीनं सोडला, आरतीनं सोडला. सर धावत आले.

"काय झालं ते सांगा. कुणी केलं ते मंग."

"दात पडला सर, कोमलचा!"

"डोळे फिरले का? चक्कर आली का?" त्यांनी कोमलला विचारलं. तिनं मान हलवली. त्यांनी खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला. "हा इथं दाबून धर. मान पुढं. रक्त गिळू नको, थुंक." मग उभे राहून म्हणाले, "दात कुठाय?"

आरती हळूच म्हणाली, "मी टाकला, सर. पत्र्यावर."

आमच्याकडं लेकराचा दात पडला की तो छपरावर फेकतात. फेकताना उंदराला सांगायचं, जुना घे आणि नवा दे. आरतीनं मातीत पडलेला दात शोधला, पळत गेली, स्वयंपाकाच्या खोलीवरच्या पत्र्यावर भिरकावला आणि वर उंदराला ओरडून सांगितलं सुद्धा. मैत्रिणीसाठी जे करायचं ते तिनं सगळं केलं होतं. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. पडलेल्या दाताचं दुसरं काय करतात?

सरांचा चेहरा तुम्ही बघायला पाहिजे होता. हात तोंडावरून खाली आला आणि तसाच लोंबत राहिला.

"तो दुधाचा दात नव्हता," ते म्हणाले. "पक्का होता. तो आता परत येत नसतो. उंदीर देत नाही, कुणी देत नाही." आणि मला म्हणाले, "मावशी, स्टूल आणा. जल्दी."

"सर, पत्रे सडलेत. तुम्ही सरळ खिचडीत पडाल."

ऐकलं नाही. स्टुलावरून पाण्याच्या टाकीवर, टाकीवरून भिंतीवर, भिंतीवरून पत्र्यावर. एवढं जाड माणूस गुडघ्यावर रांगायला लागलं आणि पत्रा असा वाजायला लागला की साहेब ऑफिसातून बाहेर आले.

"कोण आहे वर?"

"सर आहेत."

"काय करून राह्यलेत?"

"दात शोधून राह्यलेत," मी म्हटलं.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, वर बघितलं, आणि चष्मा काढून पुसला.

दात पत्र्याच्या खोलगट पन्हळीत वाळक्या पानांमध्ये सापडला. सर उतरले तेव्हा त्यांची विजार एका गुडघ्यावर फाटली होती. दोन बोटांत त्यांनी तो दात धरला होता, पांढऱ्या बाजूनं. मी बघितला आणि चरकले. दात एवढा लांब असतो हे मला या वयात कळलं. आपल्याला दिसतो तो निम्माच. बाकीचा निम्मा आत गाडलेला असतो, पिवळट, टोकदार, मुळीसारखा. त्याला माती लागली होती. मी चुलीतली चिमूटभर राख घेतली आणि पदर पुढं केला.

"द्या इकडं. घासून स्वच्छ करून देते."

"हात लावू नका!"

सर ओरडले. आम्ही त्यांना कधी ओरडताना ऐकलंच नव्हतं.

"घासायचा नाही, मावशी," ते खालच्या आवाजात म्हणाले. "या मुळाला बोट लावायचं नाही, पुसायचं नाही. त्याच्यावर जीव असतो, तो खरवडला तर दात हाडात धरत नाही. दूध आहे ना तुमच्याकडं?"

"साहेबांच्या चहाचं आहे."

"गार आहे?"

"अजून तापवलं न्हाई."

"बास. दोन वाट्यांत द्या."

एका वाटीत त्यांनी दात नुसता हलवला. माती आपोआप सुटली. मग दुसऱ्या वाटीतल्या स्वच्छ दुधात तो सोडला आणि वाटी कोमलसमोर धरून म्हणाले, "हा परत त्याच्या जागी बसवायचा."

मला वाटलं, पत्र्यावर ऊन लागलं की काय यांना.

तेवढ्यात कोमलची चुलती आली. कुणीतरी पोर सांगायला पळालं होतं. हाताला शेण तसंच, पदर खांद्यावरून सुटलेला. तिनं आधी पोरीचं तोंड बघितलं, मग वाटीत बघितलं, आणि सरांचं बोलणं ऐकलं तेव्हा तिनं कपाळाला हात मारला.

"अवो सर, पडलेलं हाड माघारी तोंडात घालतेत का कुठं? मेलेलं हाय ते!"

"मेलेलं नाही ताई, अजून. तासाभरात बसवला तर जगायचा संभव आहे. जेवढा उशीर तेवढा तो मरत जाणार. दहा मिनिटं तर पत्र्यावरच गेली."

"अन् पिकलं मंग? तोंड सुजलं, पोरीला काय झालं, तर जावेला काय सांगू मी? ती तिकडं ऊस तोडून राह्यली. जाताना पोरगी माझ्या पदरात टाकून गेल्ती. परक्याचं लेकरू हाय हे!"

"म्हणूनच म्हणतो."

"बिलकुल न्हाई! पोरीच्या तोंडाला हात लावाल तर बघा."

चुलती खोटं बोलत नव्हती. मीही तिच्या जागी हेच म्हटलं असतं. साहेब सरांच्या कानापाशी गेले आणि म्हणाले, पण आम्हाला सगळ्यांना ऐकू गेलं, "सर, घरचे नको म्हणतात. मुलीचा मामला आहे. उद्या काही झालं तर सगळं तुमच्यावर येईल. डॉक्टरकडं पाठवा आणि मोकळे व्हा."

"पाठवायचंच आहे," सर म्हणाले. "पण डॉक्टर परतूरला. आत्ता बसवला तर वाटेत तो जागेवर राहील. न्हाईतर दुधात न्यावा लागेल. दुधातही चालतो, पण हे जास्त बरं."

कोणी कुणाचं ऐकेना. वाटी सरांच्या हातात, दूध हळूहळू गुलाबी होत चाललेलं. कोमल रुमाल धरून एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होती. मग रुमाल बाजूला करून तिनं विचारलं, "सर, नवा खरंच न्हाई येणार?"

सरांनी वाटी माझ्या हातात दिली. मागं वळून बघितलं. सगळी शाळा उभी होती, साहेब उभे होते. मग त्यांनी अंगठा आणि बोट तोंडात घातलं आणि समोरचा दात काढला.

दात म्हणजे गुलाबी पट्टीवर बसवलेला. पट्टी तळहातावर ठेवून त्यांनी तोंड उघडलं. कोमलच्या तोंडात होतं तसंच भोक, त्याच जागी. फक्त आजूबाजूचे दात त्याच्याकडं कलले होते, खड्ड्यावर वाकलेल्या कुडाच्या भिंतींसारखे.

इतकी वर्षं ज्या माणसाला चव दाखवली त्याचं तोंड मी पहिल्यांदा बघत होते. एकही पोर हसलं नाही. साहेबांनी नजर खाली घातली. चुलतीनं पदर तोंडात धरला.

"तुझ्याएवढा होतो," सर कोमलला म्हणाले. भोकातून वारा निसटत होता. "अंबडला. विटी लागली. माझ्या आईनं दात कौलावर टाकला. मी रोज आरशात बघायचो. नवा आला नाही."

कोमल त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं माझ्या हातातल्या वाटीत बोटं घातली.

"कोणती बाजू, सर?"

"अगं बया!" चुलती ओरडली.

"फुगीर बाजू बाहेर, ओठाकडं. खोलगट आत, जिभेकडं. पांढऱ्यालाच धर. हळू. दाबून घुसवू नको, जाईल तितकाच जाऊ दे."

मी डोळे मिटायला पाहिजे होते, पण मिटले नाहीत. पोरीनं स्वतःच्या हातानं स्वतःचा दात त्या रक्ताच्या भोकात सरकवला. तिच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा आलं, पण बोट हललं नाही. दात आत गेला तेव्हा बारीक आवाज आला, पेटीची कडी बसावी तसा. सरांनी पोरीच्या तोंडाला बोट लावलं नाही. गावात पुढं कुणी काही बोललं तर मी तोंडावर सांगितलं, मी तिथं उभी होते.

"आता स्वच्छ फडकं दातांखाली धर. चाव हळूच. सोडू नको. बोलायचं न्हाई."

तेव्हा साहेब पुढं आले. "माझी गाडी घ्या," म्हणाले. "ड्रायव्हर, परतूर. खड्डे बघून चालव."

सर, चुलती आणि कोमल गेले. जाताना सरांनी पट्टी परत तोंडात बसवली आणि डावा हात वर घेतला. साहेब ओट्यावर एकटेच राहिले.

"चहा?" त्यांनी विचारलं.

"दूध न्हाई, साहेब. गाडी पण न्हाई तुमची. खिचडी घ्या."

त्यांनी घेतली. पोरांच्या पंगतीत बसून दोनदा घेतली.

परतूरला काय झालं ते चुलतीनं मला नंतर सांगितलं. डॉक्टरनं फोटो काढला, शेजारच्या दातांना बारीक तारेनं तो दात बांधला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. विचारलं, कुणी बसवला? कोमलनं बोट वर केलं. डॉक्टर म्हणाले, धरेल किंवा नाही धरणार, आज काही सांगता येत नाही. आतली शीर मेली असेल, तिचा इलाज पुढं करावा लागेल. परत येताना गाडीत चुलती सरांना म्हणाली, "टिकला न्हाई तर जावेला मी तुमचं नाव सांगणार."

"सांगा," सर म्हणाले. "न्हाई टिकला तर मी स्वतःच सांगतो."

गावात बोलणारे बोललेच. पोरगी मुकाट ऐकणारी म्हणून चाललं, मास्तरला काय करायचंय, दुसऱ्याच्या लेकीचं तोंड ते. सर ऐकायचे आणि रजिस्टरवर मान घालायचे. तार काढायला तेच कोमलला आणि चुलतीला घेऊन गेले. शिरेच्या इलाजालाही गेले. रोज प्रार्थना संपली की कोमल त्यांच्या खुर्चीपुढं उभी राहायची आणि दात दाखवायची. सर लांबूनच बघायचे.

"हलतो?"

"न्हाई, सर."

"कडक काही खाल्लं?"

"न्हाई, सर."

"जा."

एवढंच. पण त्या 'न्हाई'साठी ते सकाळची गाडी चुकवत नव्हते. अंगात ताप असताना आलेले मी बघितले आहेत.

एकदा मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं हे, दुधाचं आणि मुळाचं?"

"माझी पट्टी करताना डॉक्टर बोलता बोलता म्हणाला. तेव्हाच दुधात घालून आणला असता, म्हणाला, तर कदाचित हाच दात तोंडात असता. घरी आलो आणि आईवर चिडलो. खूप चिडलो. आई कधीच गेल्ती तोपर्यंत."

मी डाळ धूत होते, धूत राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यासाठी वाटीभर भात वेगळा मऊ शिजवायला लागले. काही सांगितलं नाही, खोलीत ठेवून दार लोटून यायचे. वाटी रिकामी परत यायची. त्याबद्दल तेही कधी बोलले नाहीत.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. शेवटच्या दिवशी सर कोमलला म्हणाले, "सुट्टीत मला दिसणार नाही. तूच लक्ष ठेव. जूनमध्ये बघतो." आणि फाट्याकडं निघाले.

जूनमध्ये शाळा उघडली. मी भांडी घासली, चूल सारवली, मऊ भात वेगळा लावला. वाटी घेऊन खोलीत गेले तर सरांच्या खुर्चीत एक तरणी बाई बसली होती. मी म्हटलं, "सर कुठायत?"

ती म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही? सर मे महिन्यातच गेले. झोपेत. हृदय बंद पडलं."

मला कुणी सांगितलं नव्हतं. खिचडीवालीला कोण कळवतं? वाटी हातात तशीच घेऊन मी चुलीपाशी आले. काय करायचं ते सुचेना. रडू आलं नाही, मला येत नाही.

प्रार्थना संपली. पोरं वर्गात गेली. कोमल गेली नाही. ती आता सातवीत, डोक्यानं माझ्या खांद्याला लागायला लागलेली. स्वयंपाकखोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिला कळलेलं होतं. तिचे डोळे सुजलेले होते, पण आत्ता ती रडत नव्हती.

"काय गं?"

"मावशी, तुम्ही बघता का?"

"काय बघू?"

तिनं ओठ वर केला.

मी वाटी खाली ठेवली, हात पुसले आणि तिला उजेडात घेतलं. दात जागेवर होता. शेजारच्या दातांपेक्षा थोडा काळपट, पण ओळीत सरळ. मी बोट लावलं नाही.

"हलतो?" मी विचारलं.

"न्हाई."

"कडक काही खाल्लं?"

"न्हाई, मावशी."

"जा मग," मी म्हटलं. "उद्या परत ये."